बिनगॅरंटी

रात्री साडेनऊला मी म्हणते, "आलो रे, थांबा सगळे,"
आणि पुण्याचा कुणीतरी लिहितो, ताई, आलो की आले?
आमच्याकडं पोरी आलोच म्हणतात, भावा.
उचगावात येऊन विचार.

एवढं बोलेपर्यंत चित्र थिजतं.
माझा हात हवेत, तोंड अर्धं उघडं,
आणि तेवढ्यात गेममध्ये
कुणीतरी मागून येऊन मला मारून गेलेला असतो.

आठ वर्षांचा प्रोसेसर. चार कोअर.
खेळ म्हटलं तर खेळतो,
दाखव म्हटलं तर दाखवतो.
खेळता खेळता दाखव म्हटलं
की पंखा असा घुमतो
जसा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत
ट्रॅक्टर पुलाच्या चढाला लागावा.
मला राग येत नाही त्याचा.
पतसंस्थेत काउंटरला माझंही तेच.
साहेब मागं येऊन उभे राहिले
की नोटा परत पहिल्यापासून.

राजारामपुरीत बागवानांनी ड्रॉवरमधून
साबणाची डबी काढली.
आत स्पंजवर सहा कोअरचा, वापरलेला.
"दोन पिना वाकल्यात, म्हणून साडेतीन हजार.
चालला तर तुमचा.
नाही चालला तरी तुमचाच."

आधी बायोस अपडेट.
चार मिनिटं पट्टी सरकत होती
आणि मी पडद्याकडं नाही,
ट्यूबलाइटकडं बघत होते:
महावितरण, आजच्या दिवस.

मग कूलर ओढला
तर जुना त्यालाच चिकटून आला,
खटका न उघडता, मुळासकट दाढ यावी तसा.
मधली पेस्ट वाळून चुना झालेली.
मी नुसती बघत बसले.

त्रिशलावहिनी दिवस बुडायच्या आत जेवून
पैंजणांच्या कड्या जोडत होती.
हुपरीची ती. मजुरी किलोवर.
हात न लावता तिनं डबी दिव्याखाली तिरकी धरली.
"किती पाय हैत ह्याला?"
"तेराशे एकतीस."
"आणि दोघंच आडवं पडल्यात."
चिमटा पदराला पुसू नकोस म्हणायच्या आत
तिनं तो पुसला होता.

भरतदादा दारात, हातातला चहा तसाच.
"मोडली तर?"
"मोडली तर मोडली. गप उभा ऱ्हा."
पहिली पिन उभी राहिली.
दुसरीला वहिनी म्हणाली, "ये बाई,"
आणि आली.

पेस्ट किती? तांदळाच्या दाण्याएवढी.
वहिनीनं मापाला दाणाच आणून ठेवला.
आजऱ्याचा घनसाळ, बारका,
त्यामुळं पेस्ट जरा कमीच पडली असणार.

बटण दाबलं. काळं.
काळंच.
दादानं चहा पिऊन टाकला.
मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली
आणि मी टेबलावर हात आपटला तर दाणा उडाला.

जुना उलटा करून वहिनी म्हणाली,
"पिना सोन्याच्या?"
"मुलामा."
तिनं तो काट्यावर ठेवला,
आकडा बघितला, मला सांगितला नाही.
"वितळवायला गेलीस तर गॅसचं पैसं निघायचं नाहीत,"
आणि कड्यांच्या डब्यात, एका खणात,
त्याला जागा करून दिली.

आता रात्री चित्र अडत नाही.
म्हणजे अडलं होतं म्हणायची सोय गेली.
मी कशी खेळते
ते बाराही जणांना सलग दिसतं.

पंखा गप्प आहे.
काल एकानं लिहिलं, ताई, मागं काय वाजतंय?
मी हेडफोन काढून ऐकलं.
"पैंजण," म्हणलं, "अजून कुणाच्या पायात नाहीत."
सांगत बसले
आणि मागून येऊन कुणीतरी परत मारलं मला.

ह्या खेपेला सगळं नीट दिसलं.