उलटा नांगर

चिकोडीच्या कचेरीत, मागच्या खोलीत,
रुमाल सोडला की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो
आणि मग नाडगौडा येतो.
मल्लगौडा बिन शिदगौडा, परगणे हुकेरी.
मजकूर मोडीत, शिक्का फारसीत,
रागावायचा तो कानडीतच असणार,
पण राग कागदावर उतरत नाही.
नाव कारकुनानं लिहायचं
आणि ह्यानं खाली नांगर काढायचा.

नऊ वर्षांचा होता. विजापूरचं बोलावणं आलं,
बाप पंचवीस स्वार घेऊन गेला.
परत घोडा आला.
पोराच्या हातात शिक्क्याची पिशवी दिली.
त्या पहिल्या नांगराचा फाळ डावीकडे,
रेघ मुंगीच्या वाटेसारखी, शाई जास्त झालेली.
पुढं हात बसत गेला.

हिरण्यकेशीच्या बांधाचा तंटा मिटवला.
कोष्ट्याला माग मांडायला वेशीजवळ जागा दिली.
दुष्काळात साठ खंडी जोंधळा मोकळा केला,
आणि लगेच खालच्या ओळीत
तो दिढीनं परत कसा घ्यायचा तेही.
कारहुणवीला वेशीतून आधी ह्याचा बैल.
लग्नात पहिला विडा ह्याचा.
मानाची यादी वाचता वाचता
मला दोनदा जांभई आली.

मग चुलतभाऊ पर्वतगौडा उभा राहिला:
थोरलं घर माझं.
गोत बसलं, साक्षी जुळेनात.
दिव्य ठरलं.
कढईत तूप आणि तेल, निम्मं निम्मं,
तळाशी लोखंडाचा रवा.
उजवा हात घालून काढला.
हाताला पिशवी बांधली, वर लाखेची मोहोर.
तिसरे दिवशी सोडून पाहिलं:
‘हात निर्मळ. खरा जाहला.’
खाली न्हाव्याचा आरसा, सुताराचा वाकस,
परटाची मोगरी. सगळ्यांनी पाहिलं.
पर्वतगौडाला नदीपल्याड दोन शेतं,
तिथून पुढं त्याचं नाव नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर
फाळ उजवीकडे.

बावीस कागद टेबलावर पसरून बसलो होतो.
बाळेश दारात येऊन म्हणाला, ऊट माड्री सर.
हो म्हटलं,
आणि पेन्सिल डाव्या हातात धरून
एक नांगर काढला.
फाळ आपोआप उजवीकडे गेला.

म्हणजे शाल कुठल्या खांद्यावर घेत असेल?
पानाचं तबक पुढं आल्यावर?
डाव्या हातानं विडा उचलणं म्हणजे
घरधन्याच्या तोंडावर थुंकणं,
आणि एकतीस वर्षं अख्ख्या परगण्यानं
ते पोटात घातलं.
कुलकर्ण्यानं नाही लिहिलं, काजीनं नाही.
न्हावी तर दर आठवड्याला
त्या हाताची नखं काढत असणार.

मुलगा शिदगौडा. रेघ ठाशीव, एका दमाची,
उजव्या हाताचा माणूस, पैज लावतो.
पण फाळ उजवीकडेच.
बापाच्या मांडीला मांडी लावून पाहिलं,
नांगर असाच असतो म्हणून शिकला.
नातवाचाही तसाच.
मग कंपनीचे कागद, तिथं सगळ्यांचे अंगठे.

बाबा ह्याच खुर्चीत गेले, मार्चअखेरीला.
अनुकंपेवर मी लागलो.
अर्जात रकाना होता: मयताशी नाते.
कन्नडची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली.
पहिल्या दिवशी बाळेशनं न विचारता
बाबांचा पेला माझ्यापुढं ठेवला,
तेव्हा मी काही बोललो नाही.

सूचीत नोंद केली: निशाणी, नांगर.
कुठल्या बाजूचा, ह्याला रकाना नाही.
रुमाल नंबर सत्तेचाळीस.
सातच्या पोटावर आडवी रेघ मारली,
बाबा मारायचे तशी.
ते का मारायचे,
विचारायचं राहून गेलं.