खटका

चौतीस वर्षं मी फक्त खटके बसवले.
फॉर्मिजिनेच्या मागच्या रस्त्यावर, फरशीच्या गोदामाशेजारी,
चौथ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून.
इंजिनवाले रुबाबात जेवायला बसायचे,
आम्ही खटकेवाले कोपऱ्यात.
पण गाडी घेणारा माणूस
इंजिनाला कधी हात लावत नाही.
त्याचा हात लागायचा आमच्या कामाला.

स्प्रिंग केसभर ताठ झाली
की खटका उद्धट वाटतो.
केसभर सैल, की लाचार.
मधे कुठेतरी एक आवाज असतो,
अक्रोड फुटण्याच्या जरासा अलीकडचा.
तो लागेपर्यंत देल्मो मिस्त्री
मान वर करायचा नाही.

काल दंतवैद्य इव्हानो दारात नवी गाडी घेऊन आला.
लाल. आवाज, खरं सांगतो, छातीत उतरणारा.
म्हणाला, बस लेआर्को, तुला दाखवतो.
मी बसलो. हात सवयीनं पुढे गेला
आणि आपटला,
खिडकीवर पाखरू आपटावं तसा.

काच. इकडून तिकडे काच.
दिवे काचेत, वारा काचेत,
बाहेरचे आरसे वळवायचे तेही काचेत.
स्टिअरिंगवर बटणं नव्हती, बटणांची चित्रं होती,
अंगठा जरा घसरला की रेडिओ ओरडायचा.
आणि इंजिन बंद केलं की सगळं काळं,
शवपेट्यांच्या दुकानाची दुपारची काच.

सेक्किया नदीच्या पुलावर धुकं आलं.
आमच्याकडचं धुकं सांगून येत नाही,
कुणीतरी ओलं कांबळं अंगावर टाकावं तसं येतं.
समोरची काच आतून पांढरी झाली.
इव्हानो खाली बघून शोधू लागला:
हवामान. मग आराम. मग पुढचं पान.
गाडीनं नम्रपणे विचारलं,
नवी सुधारणा आत्ता करू, की रात्री?
सहाशे घोडे, आणि पुसायला एक फडकं नाही.
मी स्वेटरच्या बाहीनं काच पुसली.
पलीकडे एका ट्रकचे मागचे दिवे होते.
फार जवळ.

मग आमचा खटका उडाला.
त्या गाडीत सापडलेला तेवढा एकच.
तो म्हणाला, काळ बदलतो, तू म्हातारा झालास.
मी म्हणालो, तू लोकांच्या तोंडात
नुसतं बघतोस, की चाचपतोस?
उद्या तुझ्या चिमट्याच्या जागी कोणी काच दिली तर?
तो गप्प.
वायपर सुरू झाले. कोणी केले, देव जाणे.

त्याचंही बरोबर असेल.
काच स्वस्त पडते, हे देल्मोच्या मुलानं
कारखाना बंद करताना मला समजावलं होतं,
कॉफी पाजून, अगदी आपुलकीनं.
आम्हा सहाजणांच्या बोटांपेक्षा स्वस्त.

मला घरी सोडताना इव्हानोनं खिशातून मऊ कापड काढलं
आणि पडद्यावरचे माझे ठसे पुसले.
वाईट हेतूनं नाही. सवय.

त्याच्या वडिलांच्या गाडीत, एकोणसत्तर सालच्या,
दिव्याच्या खटक्याचा मुलामा एका कडेला उडालाय.
आतलं पितळ दिसतं.
तिथे त्यांचं बोट जायचं.
ते वारले त्या हिवाळ्यात
गाडी माझ्याकडे दुरुस्तीला होती.
नवा खटका होता फळीवर, कागदात गुंडाळलेला.
बसवला नाही.