यंदा तूर शाबूत आहे

स्कोअरची वही माझ्याकडे असते,
म्हणून गावात आधी मलाच विचारतात.
शून्य. चार. एक. शून्य.
मी आकडे सांगतो,
समोरचा चहा फुंकत राहतो
कधीचा गार झालेला.

मागच्या हिवाळ्यात याच वहीत
हेमराजच्या नावापुढे जागा पुरायची नाही,
षटकार समासात जाऊन बसायचे.
फायनलला मारलेला एक चेंडू
ट्रान्सफॉर्मरवरून गेला
अन् पाण्याच्या टाकीच्या शिडीत अडकला.
अजून तिथेच आहे.
परगावचा पाहुणा आला की
आम्ही आधी तो दाखवतो,
मग पाणी देतो.

यंदा काय बिनसलं, यावर एकमत नाही.
सलूनवाला प्रल्हाद वस्तरा थांबवून म्हणतो,
"बॅट. नागपूरची नवी घेतली न त्यानं.
जुनीले हाताची ओळख होती."
पतसंस्थेचा शिपाई म्हणतो,
"लगन जमलं पोराचं. ध्यान फोनात हाय."
वच्छलाबाईनं अख्खा सामना कधी पाहिला नाही,
ती भजी काढता काढता बोलली,
"उजवा खांदा खाली पडते त्याचा.
संत्र्याचे क्रेट उचलू उचलू."
यावर कोणीच काही म्हटलं नाही.
ट्रक भरताना त्याला आम्ही सगळ्यांनी पाहिलंय,
एकावर एक तीन क्रेट,
अन् वर ड्रायव्हरशी हसणं.

आमचं मैदान म्हणजे ई-क्लासची पडीक जमीन,
अन् तिला लागून गुणवंतराव बोबड्यांची तूर.
हा माणूस दर मोसमात काठी घेऊन
कुपाटीपाशी उभा.
"झाडाले शंभर रुपये घेईन एकेका!"
जप्त केलेल्या चेंडूंची त्याची एक गोणी आहे,
ग्रामसभेत त्यानं ती टेबलावर ओतली होती,
सरपंचाच्या मांडीवरून चेंडू घरंगळत गेले.

परवा तोच माझ्या दुकानात आला,
साखर घेतली,
सुटे पैसे दोनदा मोजले.
"किती झाले त्याचे?"
"पाच."
"चार डावांत?"
"हो."
तो दाराबाहेर पाहत राहिला,
मग घरातलं कोणी गेल्यासारखं
हळूच म्हणाला,
"यंदा तूर शाबूत हाय बापा."

चेंडू आणायला तुरीत उभी राहणारी पोरं
आधी कुपाटीवर येऊन बसली,
मग अलीकडे,
आता तर पंचाच्या पाठीमागे
बोरं खात बसतात.

पाचवा सामना.
पहिलाच चेंडू बॅटजवळून सरकला,
कीपरच्या पायांतून मागे गेला,
दोघं पळाले, दोन धावा.
मी पेन्सिल उचलली
अन् ते दोन त्याच्या नावापुढे लिहिले.
कोणी पाहत नव्हतं.
गावासाठीच केलं, असं मी म्हणू शकलो असतो.
पुढच्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला.

हेल्मेट नाही, ग्लोव्ज नाही,
घामानं भिजलेला तो सरळ माझ्याकडे आला,
वहीवर वाकला.
"बाय होते ते, भाऊ."
"राहू दे ना."
"खोड न गा."
मी खोडलं.
कागद तिथं इतका झिजला
की उन्हात धरला तर पलीकडचं दिसतं,
मागच्या पानावरचे गेल्या सालचे सहा, सहा, चार.
त्यानं ते पाहिलं की नाही, माहीत नाही.
डाव्या हातानं खांदा दाबत
तो भज्यांच्या गाडीकडे गेला.

आज रविवार.
चुना टाकायला मी सकाळीच गेलो,
बोटं गारठलेली, तुरीवर दहिवर.
कुपाटीचे काटे बाजूला ओढलेले,
माणूस जाईल एवढी फट,
अन् गुणवंतराव काठी उगारून
पोरांवर ओरडत होते,
"अबे, इथं काय करून रायले?
तुरीत जा! आत, आत उभे रहा!"

टॉस अजून व्हायचा होता.