पत्त्याचा पुरावा

निनाद वायंगणकर जिंकला तेव्हा मी समोरच बसले होते,
म्हणजे हरत होते.
माटुंग्यात, स्टेशनरीच्या दुकानावरचा हॉल,
लग्नाच्या खुर्च्या, पाठीला सॅटिनच्या गाठी तशाच,
घड्याळात चार मिनिटं.
माझ्या हातात एक पत्ता असा होता की डाव फिरला असता.
त्याने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला
आणि आधीच त्याची वाट बुजवली.
परीक्षकाने कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या.
सत्तावन्न जणांतून एक जाणार होता
योकोहामाला, जगाच्या स्पर्धेला.
मी दुसरी.

आमच्याकडे चमकीचे पत्ते टिकत नाहीत.
खाडीची हवा त्यांना धरते,
कडा उचलल्या जातात, भाजायला टाकलेल्या पापडासारख्या,
आणि वाकलेला पत्ता म्हणजे खुणेचा पत्ता,
खुणेचा पत्ता म्हणजे दंड,
मग तुमची दानत काही का असेना.
म्हणून निनाद आपले साठ पत्ते तांदळाच्या डब्यात ठेवतो,
वर बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या
ज्यांवर खाऊ नका असं लिहिलेलं असतं.
त्याची आई मापटं भरताना पुड्या बाजूला सारते
आणि विचारते, यात उतारी कुणाची असते रे?
मेंढीकोट खेळलेली बाई. तिला हुकूम लागतो.
तो म्हणतो, यात हुकूम ठरत नाही, आई,
ज्याने त्याने आपला घरून आणायचा.

घर कन्नमवार नगरात. इमारत क्रमांक एकशे बारा.
ती चार वर्षांपूर्वी पाडली.
तिथे आता पत्रे आहेत, पत्र्यांवर बावीस मजल्यांचं चित्र,
चित्रात पोहण्याचा तलाव,
तलावाकाठी कुणीतरी भलतीच माणसं.
वायंगणकर आधी घाटकोपरला भाड्याने, मग भांडुपला,
बिल्डरचा चेक चुकला की आणखी आत.
पासपोर्टवर अजून एकशे बारा,
बँकेत घाटकोपर,
विजेच्या बिलावर भांडुप आणि मालकाचं नाव.

व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडच्या माणसाने
तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.
अगं, अगदी आपण मांडतो तसे, निनाद मला सांगत होता,
मी त्याचा हात बघत राहिलो, आता कुठला उचलेल.
यातला पत्ता कुठला खरा?
सगळेच, साहेब. एकेका वेळी.
प्रवासाचं कारण?
पत्ते खेळायला.
हसला नाही बरं का, निनाद म्हणाला,
हसला असता तर मला आशा वाटली असती.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला, कोराच.

नियम असा, की विजेता जाऊ शकत नसेल तर दुसरा जातो.
मला रात्री मेल आला, अभिनंदनापासून सुरू होणारा.
तो पहिल्यांदा वाचताना मला आनंद झाला.
हे मी लिहून ठेवते,
कारण नंतर मी सगळ्यांना वेगळंच सांगितलं.
माझ्या पासपोर्टवरचं घर अजून उभं आहे.
एवढाच माझा हुकूम.

कांजूरच्या पुलाखाली रसवंती आहे, तिथे भेटलो.
तो डब्यासकट आला.
म्हणाला, माझे ने. तुझे हरतात,
मी जवळून पाहिलंय.
टेबल पुसून घेतलं, तरी चिकट.
मी साठ मोजले. सत्तेचाळिसाव्या पत्त्याच्या आवरणात
तांदळाचा एक दाणा अडकला होता,
नखाने काढला, कुठे टाकावा कळेना, खिशात ठेवला.
पिसले. सवयीने त्याच्यापुढे सरकवले.
त्याने सवयीने कापले
आणि हात तसाच वर राहिला थोडा वेळ.
वरचा पत्ता उलटून बघितला नाही
त्याने, मीही.

रसवाल्याने विचारलं, पैसे लावून खेळता का?
नाही म्हटलं तर त्याला पटलं नाही.

निघताना निनाद म्हणाला,
आईने सांगितलंय, डबा परत हवा.
तांदूळ राहू देत.