सत्तेचाळीस सेकंद

माझं काम ऐकण्याचं.
अंबडला, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या थेट झोताखाली.
लोक बोलून घरी जातात,
मग त्यांचं बोलणं माझ्याकडे येतं
आणि मी खुणा करते :
नमस्कार म्हटलं का, नाव विचारलं का,
दिलगिरी दोनदा व्यक्त केली का.
दहा सेकंदांहून जास्त शांतता : वजा पाच.

आज भावेश आहेरचा कॉल.
मंगळवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
पलीकडे पिंपळगावचे एक शीतगृहवाले,
चार नंबरच्या खोलीचं तापमान पडद्यावर दिसेना,
आत द्राक्षांच्या पेट्या, बाहेर कंटेनर उभा,
आणि तोंडाचा पट्टा सुरू :
“पोरा, तुला यातलं कळतं का काही?
कळत असेल त्याला दे फोन.”

राउटर बंद करून चालू करा.
केला.
सेन्सरचा हिरवा दिवा?
लागलाय.
मग
काहीच नाही.

पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होते.
सात. आठ.
बारा, कुणाची तरी खुर्ची सरकते.
तो म्यूट दाबायला विसरलाय,
म्हणून तर एकोणिसाव्या सेकंदाला मला ऐकू येते
सुलक्षणा थेटे, रात्रपाळीच्या हळू आवाजात :
“पाणी पी आधी.”
झाकण फिरतं. घोट. अजून एक.
“मला नाही माहीत रे हे काय आहे.
तुलाही नाही. बरंय, दोघं आहोत.”

सत्तेचाळीस.
“साहेब, मी सुलक्षणा. सोमवारचा अपडेट
माझ्या सहीने गेलाय. काय बोलायचं ते मला बोला.
भावेशचे हात जरा मोकळे हवेत.”

आणि ते बोलतात. नऊ मिनिटं.
ती हं म्हणते. मधेच विचारते, जेवलात का?
ते गडबडतात, म्हणतात, नाही अजून.
मागे कीबोर्डची टकटक,
आधी अडखळत, मग न थांबता.
“ताई, घड्याळ! खोलीचं घड्याळ एक दिवस मागे गेलंय.
सगळे आकडे कालच्या तारखेत जाऊन बसलेत.”
खोली थंडच होती. सगळा वेळ.

“तूच सांग त्यांना,” ती म्हणते,
आणि लाइनवरून जाते.

त्र्यंबक रोडच्या जुन्या ऑफिसात
माझीही एक शांतता होती, चौदा सेकंदांची.
तेव्हाच्या साहेबांनी ती दुसऱ्या दिवशी
स्पीकरवर लावली, बावीस जणांसमोर,
आणि विचारलं, मॅडमना डुलकी लागली होती का?
लोक हसले. मीही हसले.
त्यानंतर मी कधी गप्प बसले नाही,
माहीत नसलेलंही ठोकून देत गेले
आणि माझे गुण वाढत गेले.
त्या गुणांवरच तर ही खुर्ची मिळाली.

सुलक्षणाला फोन लावते.
“वजा पाच घालावे लागतील गं.”
“घाल ना. पण त्याच्या नावावर नको.
खुर्चीतून उठायला मलाच उशीर झाला.”
“तसा रकाना नाहीये.”
“मग शेऱ्यात लिही. आणि ऐक,
गुरुवारी त्याला सुट्टी दिलीय, त्या दिवशी बोलावू नका त्याला.”

शेऱ्याला साठ अक्षरांची मर्यादा.
लिहिते, खोडते. नेतृत्व हा शब्द लिहिते,
तो तर लगेचच खोडते.
शेवटी एवढंच राहतं :
एजंट पाणी प्यायला.

खाली सहाची गाडी लागलीय,
ड्रायव्हर ओरडतोय, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, द्वारका.
मी रेघ ओढून पुन्हा
एकोणिसाव्या सेकंदावर आणते.
तपासायला नाही.