परिशिष्ट ब

वागळे इस्टेट, सोळा नंबर रस्ता.
खाली पावडर कोटिंगचा कारखाना, वर आमचा स्टुडिओ.
झेनोबियाची चित्रकथा इथं निघते.
महिन्याला बत्तीस पानं, मुखपृष्ठावर
तिरकं धरलं की चमकणारा शिक्का: अधिकृत.

करारासोबत परिशिष्ट ब आलं.
केणींनी ते माझ्या टेबलासमोरच डकवलंय:
तीळ डाव्या डोळ्याखाली, प्रत्येक चौकटीत.
घाम नाही. जांभई नाही.
खाताना दाखवू नये.
तळपाय दिसता कामा नयेत.
हसली तर वरचे सहाच दात.

पहिल्या अंकात नाक मी काढलं होतं.
अंधेरीच्या वकीलबाईंनी ते परत पाठवलं.
तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा केणी म्हणाले,
"तू आपली गर्दी कर."

तेव्हापासून मी गर्दी करते.
झेनोबिया गिटार उगारते,
आवाज गिळणारा राक्षस आडवा होतो,
आणि खाली मैदानात
दोन दोन हजार माणसं हात वर करतात
ती माझी.

गर्दीशी कुणाचा करार नसतो.
परिशिष्टात तिच्याविषयी एक ओळ नाही.
म्हणून मी कुणालाही आणते –
किसननगरचा इस्त्रीवाला,
पासपोर्ट ऑफिसबाहेर फॉर्म भरून देणारे काका,
येऊरहून करवंदं आणणारी, पाटीसकट.
शाळेत मला तिरळी म्हणणारी विभावरी,
तिला मात्र खांबाआड.

एकविसाव्या अंकात, पान एकोणीस, तिसरी रांग,
आबांना काढलं.
फोटो एकच होता, कंपनीच्या पासवरचा,
गेटला टाळं लागलं तेव्हा
जमा करायचा राहून गेलेला.
पासवर माणूस बघतो तसेच बघत होते ते,
सरळ, माझ्याकडे.
गाणं लागलं की रेडिओचा कान पिळायचे,
इथं हात वर करून उभे.
(तेवढं खोटं मी केलं.)

नऊ दिवसांनी अंधेरीचं पत्र.
नाक मंजूर. तीळ मंजूर.
पान १९: तिसऱ्या रांगेतील इसम
कलाकाराकडे पाहत नाही. दुरुस्त करावे.

खोडरबर घेतला. मान वळवली,
तर ते आबा राहिनात,
झेनोबियाचा कुणी चाहता झाला, साठीतला.
परत आणलं. परत वळवलं.
कागद तेवढ्याच जागी लव आल्यासारखा झाला.
खालची भट्टी निवली,
केणी दारात किल्ल्या वाजवत उभे.

शेवटी काळा चष्मा घातला त्यांना.
आता कुठं बघतायत, सांगा.

मंजूर.

अंक छापून आला, तो आईला दिला.
तिनं बोट ओलं करून
झेनोबियाला भराभर मागे टाकलं,
एकोणिसावर थांबली.
"वेल्डिंगचा चष्मा," म्हणाली,
"कंपनीनं दिलेला. कधी म्हणजे कधी लावला नाही.
मग रात्री मी डोळ्यांवर
बटाट्याच्या चकत्या ठेवत बसायचे."

बराच वेळ पान तिच्या मांडीवर उघडं होतं.
मग अंक पालथा करून
तिनं किंमत बघितली.