फक्त नागपूर काढा

संपादकांनी लिहिलं:
'कथा छान. फक्त नागपूर काढा,
कुठेही घडू शकते ही.'

काढलं.
सक्करदऱ्याची गल्ली खोडली,
'काहून'चं 'का' केलं,
मे महिन्याला नुसतं 'उन्हाळा' म्हटलं
आणि खिडकीतला कूलर
अडगळीत टाकला.

शकुन उमाठे आणि तिचा नवरा
अकरा वर्षं बोलत नव्हते एकमेकांशी.
कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्याही;
दुपारभर तो पत्र्याचा डबा घरघरायचा,
ओल्या वाळ्याचा वास,
टाकीत पाणी ओतणं, हाच काय तो संसार:
एक बादली ती, एक तो.

आता त्या बिननावाच्या शहरात
वारा बेताचा, दुपार बेताची.
पहिल्याच पानावर
दोघांना ती शांतता ऐकू आली.
दुसऱ्यावर शकुननं पिशवी भरली.
तिसरं पान कोरं.

रात्री सगळं परत लिहिलं.
सेहेचाळीस अंश. पडदे ओढलेले.
कूलर लावला;
पंप अडला, चापट मारली, चालला.

शकुन दारात उभी, पिशवी हातातच.
घरघरीवरून ओरडून म्हणाली,
'काहून बोलावलं जी?
मी तर निघाली होती.'